डुप्लिकेटचं नाव पडद्यावर यायलाच हवं

साळावली:
माझा भाचा पट्टीचा पोहणारा. चार वर्षांपूर्वी काणकोणात एका हिंदी पिक्चरचं शूटिंग होतं. हिरो खडकावरून समुद्रात उडी घेतो असा सीन. उडी घेतली भाच्याने. पहाटे चारला बोलावणं, डोक्यावर हिरोसारखा विग आणि मानेपासून कमरेपर्यंत मेकअप, कारण हिरो गोरा आणि आमचा पोरगा उन्हात रापलेला. सात टेक झाले. तिसऱ्या टेकनंतर वर चढताना कालवांनी टाच फाडली. तिथेच हळद दाबली, त्यावर कातडीच्या रंगाची पट्टी चिकटवली आणि गडी पुन्हा खडकावर उभा.

पिक्चर लागला तेव्हा सगळे मिळून मडगावला गेलो. संपल्यावर लोक उठले, माझी बहीण मात्र नावं वाचत बसली. जेवण पुरवणाऱ्यांचं नाव आलं, जनरेटरवाल्याचं आलं, गाड्यांवाल्यांचं आलं. झाडूवाला आत आला तरी ती पडद्याकडेच बघत होती. तिच्या मुलाचं नाव आलंच नाही.

ज्याचं अंग दिसतं त्याचं नाव दिसलं पाहिजे, एवढंच माझं म्हणणं. मंगेशीचं नाव आडनावात वागवणाऱ्या लतादीदींचंच बघा. १९४९ सालच्या ‘महल’मधलं त्यांचं गाणं गाजलं तेव्हा तबकडीवर गायिका म्हणून छापलं होतं ‘कामिनी’, म्हणजे पडद्यावरच्या पात्राचं नाव! आज हे कुणी खपवून घेईल का? उसना आवाज दिला तर पार्श्वगायक, उसनं अंग दिलं तर डुप्लिकेट. हा शब्दच मला झोंबतो.

रंगपीठ:
तुमच्या बहिणीचं वाचून वाईट वाटलं, पण मत पटत नाही. गाणं वेगळं ऐकता येतं, उडी वेगळी बघता येत नाही. ती हिरोचीच वाटली पाहिजे, त्यासाठीच तर डबल घेतात. ‘ब्लॅक स्वान’ या बॅले नाचावरच्या इंग्रजी पिक्चरचं काय झालं आठवा. २०११ मध्ये नटीला ऑस्कर मिळालं आणि पाठोपाठ तिची नृत्यातली डबल सारा लेन हिने सांगितलं, की पूर्ण शरीर दिसणाऱ्या शॉट्समध्ये नटी फक्त ५ टक्के आहे. दिग्दर्शकाने उलट हिशेब दिला: नृत्याचे १३९ शॉट्स, त्यातले १११ नटीचेच. त्यानंतर तो पिक्चर मी पुन्हा लावला तर नाच सोडून चेहरा कुणाचा तेच तपासत बसलो. रस गेला तो गेलाच. आपलं काम झाकलं जाणार हे कबूल करूनच माणूस त्या सेटवर जातो.

साळावली:
रंगपीठ, पेडण्यात दशावतार बघितलायत ना? लुगडं नेसून आलेली रुक्मिणी दिवसा बागायतीत राबणारा बाप्या आहे हे समोरच्या प्रत्येकाला माहीत असतं. तरी ती रडली की बायका पदर डोळ्यांना लावतात. नाव कळल्याने आपला रस जात नाही. आणि ‘ब्लॅक स्वान’चं भांडण पेटलं तेच मुळी श्रेय आधी मोकळेपणी दिलं नाही म्हणून.

रापणकार:
साळावली, अगदी मनातलं बोललात. आमच्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस. त्यांच्यासारख्या गोंयकार वादकांनी आणि अरेंजरांनी (कुठलं वाद्य कुठे वाजेल ते बांधून देणाऱ्यांनी) हिंदी सिनेमाचा वाद्यवृंद उभा केला, आणि कितीतरी पिक्चरच्या पाट्यांवर त्यांचा पत्ता नाही. ते नाव देशभर पोचलं ते १९७७ मध्ये, ‘अमर अकबर अँथनी’च्या गाण्यातल्या पात्राचं नाव म्हणून, आणि तेही त्यांच्याकडे व्हायोलिन शिकलेले संगीतकार प्यारेलाल गुरूला विसरले नाहीत म्हणून. ‘शोले’तही तेच. १९७५ साली बसंतीचा टांगा उधळताना जिवावर उदार झाली ती रेश्मा पठाण. तिच्यावर सिनेमा आला २०१९ मध्ये. चव्वेचाळीस वर्षं!

कॅमेऱ्यामागे:
पर्वरीत राहतो, इथे येणाऱ्या युनिट्सबरोबर काम करतो. आधी एक गोष्ट वेगळी करा. लाईट लावताना हिरोच्या जागी तासन्‌तास उभा राहतो तो वेगळा, पाठ-हात-चाल देणारा वेगळा, आणि जंप मारणारा, केबलवर लटकणारा तिसराच. तिसऱ्याची मुंबईत संघटना आहे, दर आहेत, फाईट मास्टर त्याच्यासाठी भांडतो. पहिले दोघे वाऱ्यावर. गोव्यात तर स्थानिक पोरगा म्हणून कोऑर्डिनेटर फोनवर बोलावतो आणि संध्याकाळी हातात पाकीट देतो. तुमच्या भाच्याकडून जंप करून घेतली, म्हणजे तिसऱ्याचं काम पहिल्याच्या भावात.

म्हणून माझा विरोध नावाला नाही, क्रमाला आहे. जुलै २०२५ मध्ये तमिळनाडूत गाडी उलटवण्याचा शॉट देताना एक अनुभवी स्टंटमॅन गेला. आता ऑस्करवाले २०२८ पासून स्टंट डिझाइनला पुरस्कार देणार आहेत, चांगलंच आहे. पण काणकोणच्या खडकाखाली बोटीत बचाववाला होता का? विमा होता का? टाच फाटल्यावर डॉक्टर कुठे होता? मी आधी हे विचारीन. नाव त्यानंतर.

आबोली:
हे सगळं वाचून हात थरथरतायत, तरी लिहिते. सात वर्षांपूर्वी मी एका नटीसाठी पाठ दिली होती. उघडी पाठ, ओले केस, पुढे आंघोळीचा सीन. वडिलांच्या आजारपणाचे पैसे हवे होते. सेटवर सगळे नीट वागले, एका ताईने ‘कट’ म्हणताक्षणी टॉवेल अंगावर टाकला. तो टॉवेल मला अजून आठवतो. आज मी फोंडा तालुक्यातल्या एका गावात मुलांना शिकवते. माझं नाव पडद्यावर आलं असतं तर शिगमो येईपर्यंत घरोघर पोचलं असतं, आणि नोकरी राहिली नसती. मामा, तुम्ही ‘यायलाच हवं’ म्हणता तेव्हा मला भीती वाटते. माझं लपलेलं नाव हीच माझी मजुरी होती.

रंगपीठ:
आबोलीताई, हिमतीने लिहिलंत. मी पिक्चरच्या रसाचं बोलत होतो, हे माझ्या डोक्यातही नव्हतं.

साळावली:
आबोलीबाय, शीर्षकातला ‘च’ माझा चुकला. मी भाच्याचाच विचार करून लिहिलं. उडीचं नाव आणि पाठीचं नाव एका मापाने मोजता येत नाही. पण निवड तुझी असायला हवी होती. तुला कुणी विचारलं होतं का, नाव हवं की नको? भाच्याला तर नाही विचारलं. त्याची सही एका कोऱ्या व्हाउचरवर घेतली होती.

कॅमेऱ्यामागे, तुमचं बोटीचं विचारणं दुपारपासून डोक्यात आहे. आत्ता भाच्याला फोन केला. बोट होती म्हणाला, पण तिच्यात कॅमेरा होता.

पुढच्या महिन्यात त्याला पुन्हा बोलावलंय, पाण्याखालचा सीन आहे. या वेळी कागद मी वाचणार. काय काय लिहून घ्यायचं ते इथेच सांगा, म्हणजे आबोलीलाही बघता येईल.