छोट्या विमानांसाठी वेगळा विमानतळ: क्षमता आणि विलंबाचं गणित कसं मांडायचं?

खारघरची_नियोजक
नमस्कार. मी नगररचनेची विद्यार्थिनी. प्रकल्पाचा विषय आहे: खासगी जेट, चार्टर आणि प्रशिक्षणाच्या विमानांसाठी मुंबई परिसरात वेगळा ‘रिलिव्हर’, म्हणजे मुख्य विमानतळाचा भार हलका करणारा, विमानतळ हवा का? वर्षभराच्या विमानांना ८,७६० तासांनी भागलं की सांताक्रूझलाही जागा शिल्लक दिसते. मग विमानं घिरट्या का घालतात? शिवाय २५ डिसेंबर २०२५पासून नवी मुंबई विमानतळ सुरू झालाच आहे.

नौपाडा_टॉवर
मी निवृत्त हवाई वाहतूक नियंत्रक, ठाण्यात राहतो. ८,७६०ने भागणं आधी सोड. पहाटे रिकामी गेलेली धावपट्टी संध्याकाळी सातच्या विमानाला उसनी देता येत नाही. सर्वात गर्दीचा महिना घे, त्यातला सरासरी दिवस घे आणि त्या दिवसाचा गर्दीचा तास तपास. मागणी क्षमतेच्या जवळ गेली की विलंब सरळ रेषेत वाढत नाही, एकदम उसळतो. म्हणूनच अमेरिकेत एफएएच्या (तिथल्या हवाई वाहतूक नियामक संस्थेच्या) नियोजनात मागणी वार्षिक क्षमतेच्या ६० टक्क्यांवर आली की वाढीव क्षमतेचा विचार सुरू करतात. १०० टक्क्यांची वाट कुणी पाहत नाही.

आता खरा मुद्दा, विमानांच्या मिश्रणाचा. १४० नॉटने (ताशी १४० नॉटिकल मैलांनी) येणाऱ्या दोन एअरबस ३२०मध्ये ३ नॉटिकल मैल अंतर धर, म्हणजे सुमारे ७७ सेकंद. मध्ये ७ टनांखालचं, १२० नॉटचं किंग एअर हे छोटं विमान आलं की मोठ्या विमानामागे उठणाऱ्या हवेतल्या भोवऱ्यांमुळे त्याला पुढच्या एअरबसपासून ५ मैल लागतात: १५० सेकंद. मागची एअरबस वेगवान. शेवटच्या ८ मैलांत ती ३४ सेकंद कमावते, म्हणून तिला आधीच तेवढं मागे ठेवावं लागतं. एरवीच्या ७७ सेकंदांऐवजी दोन एअरबसमध्ये आता १५० + ७७ + ३४, एकूण २६१ सेकंद. म्हणजे आठ-नऊ माणसांच्या त्या विमानानं दोनहून जास्त एअरबसची जागा घेतली. तुझ्या अहवालात हा हिशेब आलाच पाहिजे. रिलिव्हरचा फायदा फक्त हलवलेल्या विमानांची संख्या मोजून कळत नाही.

बारामती_सर्किट
प्रशिक्षणाची विमानं वेगळी मोजा. ‘टच अँड गो’ म्हणजे चाकं टेकवून लगेच पुन्हा उड्डाण, आणि आकडेवारीत त्याच्या दोन हालचाली धरतात. त्यामुळे शिकाऊ विमानांच्या धावपट्टीची ताशी क्षमता फुगलेली दिसते. तोच आकडा जेटसाठी वापरलात तर सगळं कोसळेल. आणि जुहूचा जुना छोटा विमानतळ सुचवू नका. धावपट्टी जेमतेम ११०० मीटरच्या आसपास, हेलिकॉप्टरांचीच वर्दळ, वर सांताक्रूझचं आकाश खेटून.

खारघरची_नियोजक
काका, मग सगळी जेट बारामतीला किंवा नाशिकला पाठवली तर?

नौपाडा_टॉवर
बारामतीला उतरून बीकेसीच्या बैठकीला कोण येणार, बाळ? न्यूयॉर्कचं टेटरबरो चालतं, कारण ते मॅनहॅटनपासून साधारण २० किलोमीटरवर आहे. तिथे नियमित प्रवासी विमानसेवा नाही आणि सुमारे ४५ टनांपेक्षा जड विमानांना मनाई आहे, म्हणून छोट्यांना रांगेत मोठ्यांशी झगडावं लागत नाही. नवी मुंबईत सध्या ३,७०० मीटरची एकच धावपट्टी. प्रवासी वाढतील तसं जे सांताक्रूझला झालं तेच तिथे होईल, छोटी विमानं पुन्हा बाजूला सारली जातील. दुसरी समांतर धावपट्टी होईपर्यंत तिला कायमचा रिलिव्हर धरू नकोस.

मला सर्वात जास्त काळजी एअर अॅम्ब्युलन्सची आहे. रुग्ण असलेलं विमान आलं की त्याला प्राधान्य देतातच, पण त्यासाठी बाकीची रांग विस्कटते आणि तो विलंब पुढे तासभर झिरपत राहतो. तक्त्यात त्यांचा वेगळा स्तंभ ठेव. जागा निवडताना धावपट्टीपासून रुग्णालयापर्यंतचा रस्त्याचा वेळही मोज, आणि तोही संध्याकाळी वाशीचा पूल भरलेला असताना.

खारघरची_नियोजक
मोजते काका. गर्दीच्या महिन्याचा तक्ता झाला की इथेच टाकते, तपासाल ना?