पॉलिशआधी तेल काढा

जुन्या लाकडी कपाटांना पुन्हा पॉलिश कसं करावं, या चर्चेत ‘घासून थेट पीयू (पॉलियुरेथेन पॉलिश) मारला की काम झालं’ असं कुणीतरी लिहिलंय. बैठकीतल्या कपाटांना ते चालेल, स्वयंपाकघरातल्या कपाटांच्या सागवानी किंवा व्हीनिअरच्या (प्लायवर चिकटवलेल्या खऱ्या लाकडाच्या पातळ थराच्या) दारांना अजिबात नाही. गॅसजवळच्या दारांवर फोडणीचा चिकट थर बसलेला असतो. तो न काढता पॉलिश पेपर मारला तर तेल लाकडात आणखी मुरतं आणि वरचा पीयू जागोजागी गोल खळगे पाडून मागे सरतो. चांगला पॉलिशवाला आधी बिजागऱ्या काढून दारं उतरवतो, डिटर्जंटच्या गरम पाण्याने पुसतो, वाळल्यावर थिनरचा बोळा फिरवतो, आणि बोळा मळला की बदलतो. मगच १८० आणि २२० नंबरचा पेपर, तोही लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच. व्हीनिअरवर मशीन तर चालवूच देऊ नका. थर इतका पातळ असतो की कडेला लगेच प्लाय उघडा पडतो.

सिंकखालच्या दारांच्या खालच्या कडेबद्दल मात्र कुणीच लिहिलेलं नाही. समोरून चकचकीत करतात आणि ती कड कोरडीच सोडतात. ओट्यावरून ओघळलेलं पाणी तिथूनच शिरतं नि प्लाय फुगतो. आमच्याकडे काम चालू असताना मी दारं उलटी करून त्या कडांना सीलरचे (लाकडाची छिद्रं बुजवणाऱ्या लेपाचे) दोन हात मारून घेतले. आणि भर पावसाळ्यात हे काम काढू नका, दमट हवेत पॉलिशवर पांढुरकी झाक येते.