खाडीत कयाकवरून गळ टाकायचा आहे, पौर्णिमा धरली आहे. चालेल का?

गळवाला_नागपूर

नमस्कार मंडळी. मी नागपूरचा, वय ४३. गळाचं वेड आजोबांकडून आलं. त्यांच्या गावी, भंडारा जिल्ह्यात, मामा तलाव आहे (बाहेरच्यांसाठी: मामा म्हणजे माजी मालगुजारी). तिथं मरळ आणि रोहू धरत मोठा झालो. दोन वर्षांपूर्वी दोन सीटचा हवेचा कयाक घेतला. रामटेकजवळच्या खिंडसी तलावात सातआठ वेळा चालवला आहे, वल्हं मारता येते, वाऱ्यात वाकडं जाणं कळते.

आता डोक्यात कोकण बसलं आहे. मालवणच्या बाजूला एक मित्र राहतो, त्याच्या घरामागं खाडी आहे. तो म्हणतो तांबोशी मिळते, काळुंदर मिळते, ये. मार्गशीर्षातली पौर्णिमा धरली, दोन सुट्या जोडून येऊन राहिल्या. शिवाय चांदणं असतं म्हणून पहाटे लवकर निघता येईल असा विचार. सोबत साळा येणार. त्याला पोहता येत नाही, पण जॅकेट आहे.

माझा प्रश्न असा की आमच्याकडं पाणी सकाळी जिथं असते, संध्याकाळीबी तिथंच असते. भरती-ओहोटी हे मी पाचवीच्या भूगोलात वाचलं आणि परीक्षेनंतर सोडून दिलं. मित्र मासे खातो, धरत नाही, त्यामुळं त्याला विचारून फायदा नाही. खाडी उथळ आहे, कमरेएवढं पाणी, मग धोका काय असणार असं वाटून राहिलं. बरोबर वाटून राहिलं का?

तर्रीपोहे

मार्गशीर्षात मासे? घरी विचारलं का भाऊ, का डायरेक्ट इथंच विचारून राहिला?

महालातला_मालवणकर

गळवाला, बरं केलंत विचारलंत. मी मूळचा नागपूरच्या महालातला, नोकरीपायी अकरा वर्षं मालवण तालुक्यात आहे, आणि तुम्ही जी चूक करणार आहात ती मी करून बसलोय. म्हणून जरा लांब लिहितो.

कमरेएवढं पाणी हाच धोका आहे. खोल पाणी खोल राहतं. कमरेएवढं पाणी दोन तासांनी घोट्याएवढं होतं, आणि त्याखाली खडक नसतो, चिखल असतो. पहिल्या वर्षी मी पौर्णिमेलाच गेलो होतो. अकराच्या सुमारास खाडी काठोकाठ भरलेली, तिवरांच्या फांद्या पाण्यात. मी खुशीत एका फाट्यात आत शिरलो. दोनेक वाजता मासा लागला, त्याच्या नादात घड्याळ पाहिलं नाही. मान वर केली तेव्हा मी ज्या वाटेनं आलो ती वाटच नव्हती. माझ्यापासून मुख्य धारेपर्यंत तीस-चाळीस पावलं काळा, चकाकणारा चिखल, त्यावर खेकडे हिंडतायत. उतरून कयाक ओढू म्हटलं. उजवा पाय मांडीपर्यंत गेला. तो काढायला डावा टाकला, तोही गेला. शेवटी कयाकवर पोट टाकून, पोहल्यासारखे पाय मारत बाहेर आलो, एक चप्पल आजही तिथंच आहे. मग बसून राहिलो. पाणी परत यायला रात्रीचे साडेसात वाजले. काठावरची पोरं दर तासानं येऊन बघून जात होती, "अजून हाय, अजून हाय" म्हणत.

चुकलं काय ते सांगतो. अमावस्या-पौर्णिमेला उधाण असतं. भरती जास्त चढते आणि ओहोटीला तेवढीच जास्त उतरते. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा चढउतार कमी. मुंबईला उधाणाला पाणी साधारण चार मीटर वरखाली होतं, आमच्याकडे साधारण दोन मीटर. दोन मीटर ऐकायला कमी वाटतं, पण ते सहा तासांत सारखं उतरत नाही. बारा वाटे करा. पहिल्या तासात एक वाटा जातो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, मग पुन्हा दोन आणि एक. म्हणजे मधल्या दोन तासांत अर्धं पाणी जातं, जवळजवळ मीटरभर. तुमच्या कयाकला तरंगायला वीतभर पाणी लागतं. बघा आता.

वेळ काढायची जुनी रीत आहे, इथली म्हातारी माणसं पंचांगावरून सांगतात: तिथीची पाऊणपट करा, ती भरतीची वेळ. अष्टमी म्हणजे आठ पाऊणे सहा, सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा. ही रीत मुंबईच्या अंगानं बसते, आमच्याकडे भरती अर्धा-एक तास आधी होते, आणि खाडीत आत जाल तशी उशिरा. म्हणून बोटं मोजून अंदाज घ्यायचा आणि निघण्यापूर्वी भरतीचा तक्ता बघायचा. दोन भरत्यांमध्ये साडेबारा तास धरा, आणि रोज वेळ पाऊण-एक तासानं पुढे सरकते.

आता तुमच्यासाठी. अष्टमीला चढउतार कमी, पण सकाळी सहाला भरती झाली की सगळी सकाळ पाणी उतरत जाणार, आणि दुपारी चढतं तेव्हा खारा वारा सुटलेला. पौर्णिमेला वेळ बरी, पण ओढ जास्त. मधली द्वादशी-त्रयोदशी धरा, म्हणजे तुमची सुटी तीनेक दिवस अलीकडे. भरती साडेआठ-नवाच्या सुमारास येते. उजाडल्यावर, पावणेसातला पाण्यात. चांदण्यात नको, अंधारात जाळ्याचे खुंट दिसत नाहीत. चढत्या पाण्यात जा, म्हणजे चिखलात टेकलात तरी पाणीच उचलून देईल. दहाच्या आत काठावर. उतरत्या पाण्यात फाट्यात शिरायचं नाही, मासा कितीही मोठा असो.

उतरताना पाण्याच्या कडेला एक काठी रोवा आणि पाण्याच्या रेषेवर सुतळी बांधा. घड्याळापेक्षा ती काठी खरी बोलते.

खाडीच्या मुखाकडे अजिबात नको. देवबागला कर्लीचं पाणी समुद्राला मिळतं तिथं ओहोटीची धार आणि समोरून येणारा वारा एकमेकांवर आपटतात, लाट उभी राहते. हवेचा कयाक तिथं पानासारखा जातो. भूगोलातले खारे वारे आणि मतलई वारे आठवतात का? हिवाळ्यात पहाटे मतलई, जमिनीकडून समुद्राकडे. सकाळी छान गार वाटतो आणि नकळत मुखाकडे ढकलतो. अकरानंतर खारा वारा उलटा.

आणि हवेच्या कयाकचा शत्रू म्हणजे कालवं. खडकाला, जुन्या खांबांना चिकटलेली असतात, धार ब्लेडसारखी. घासलात की संपलं. ठिगळाचं सामान आणि पंप सोबत ठेवा. चप्पल नको, नाडी घट्ट बांधलेले जुने कॅनव्हासचे बूट घाला.

साळ्याबद्दल शेवटी लिहितो, पण सर्वात महत्त्वाचं तेच आहे. जॅकेट "आहे" याला अर्थ नाही. बॅगेतलं जॅकेट कुणाला तरंगवत नाही. पट्टे आवळून, काठावरच घालायचं, काठावर येऊनच काढायचं.

खाडीकाठची

मालवणकरांनी पाण्याचं सगळं सांगितलं, मी थोडं माशांचं आणि माणसांचं सांगते. आमचं घर खाडीवरच, वडील आणि भाऊ दोघंही पात (छोटी होडी) घेऊन जातात.

दादा, पहिल्या दिवशी गरी टाकण्याआधी (आमच्याकडे गरवणं म्हणतात) तिथं मासे धरणाऱ्या कुणाला तरी विचारा. जाळी कुठं लावलीत, खुंट कुठं आहेत, वाळू काढून खड्डे कुठं पडलेत ते त्यांनाच ठाऊक. कमरेएवढं पाणी चालता चालता एकदम डोक्यावर जातं ते त्या खड्ड्यांमुळं. दुसऱ्याच्या जाळ्यावर गरी अडकली तर तोडून टाका, जाळं ओढू नका. एक गरी दहा रुपयांची, जाळ्याचं नुकसान हजारांत.

उथळ वाळूत उतरलात तर पाय उचलून टाकू नका, घासत चाला. वाळूखाली पाकट बसलेला असतो, पायाची चाहूल लागली की तो निघून जातो, अंगावर पाय पडला तर शेपटीचा काटा मारतो. लागलाच तर सोसेल तितक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवायचा, त्यानं वेदना उतरते, आणि तसाच दवाखाना गाठायचा. काटा खोल असेल तर स्वतः उपटू नका.

शिंगाळा लागला तर हातात धरू नका. पाठीवर एक आणि बाजूला दोन काटे असतात, तलावातल्या सवयीनं धरलात तर तळहात फुगेल. टॉवेल आणि पकड घ्या, किंवा सरळ दोरा कापा. हवेच्या होडीत तो फडफडला तर हातासोबत होडीलाही भोक.

रामटेककर

खिंडसीला तुम्हाला बघितलं असेल बहुतेक, केशरी कयाक ना?

मी दोन वर्षांपूर्वी रत्नागिरीकडे गेलो होतो. दोनच गोष्टी जोडतो. नांगर: तलावात आपण कुठूनही दोरी टाकतो, मधून, बाजूनं. वाहत्या पाण्यात बाजूला नांगर बांधला की धार कयाकला आडवं धरते आणि उलटवते. माझा उलटला, तीन फूट पाण्यात, तरी घाबरगुंडी उडाली. टोकालाच बांधायचा, पुढं किंवा मागं, आणि अशा गाठीनं की एका हिसक्यात सुटेल. दोरीच्या टोकाला रिकामी बाटली बांधली तर सोडून दिलेला नांगर नंतर सापडतो.

दुसरं, जायच्या आधी खिंडसीला मुद्दाम उलटा. साळ्यासकट. काठाजवळ, छातीएवढ्या पाण्यात, दोघांनी जॅकेट घालून, बूट घालून, पुन्हा चढून दाखवा. तिथं जमलं नाही तर कोकणात जमणार नाही.

मोबाईल पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, गळ्यात. कयाकमध्ये नको, कयाक निघून जातो. तटरक्षक दलाचा १५५४ आणि ११२ दोन्ही साठवून ठेवा. मित्राला काठावरून सांगून निघा: कुठून उतरलो, कुठपर्यंत जाणार, किती वाजता परत. दहा म्हणालात आणि अकरा वाजले तर त्यानं वाट बघत बसू नये.

चिपळूणच्या वाशिष्ठी नदीकडे जायचा विचार असेल तर आत्ताच सोडा. तिथं मगरी आहेत, त्या बघायला लोक पैसे देऊन होडीतून जातात.

गळवाला_नागपूर

सगळ्यांना हात जोडून. हो, केशरीच.

रविवारी खिंडसीला उलटून आलो. पहिल्या वेळी साळा चढलाच नाही, जॅकेट कानापर्यंत वर आलं, पट्टा दोन्ही पायांमधून घ्यायचा असतो हे आम्हाला माहीतच नव्हतं. तिसऱ्या वेळी जमलं. चौथ्यांदा तो स्वतःच म्हणाला, अजून एकदा. सुटी बदलून घेतली. द्वादशी गुरुवारी येते आणि गुरुवारी बायकोचं व्रत आहे, म्हणून त्रयोदशी.

गळवाला_नागपूर

परत आलो, म्हणून लिहून राहिलो.

पावणेसातला उतरलो. मित्राच्या शेजारच्या काकांना आदल्या संध्याकाळी विचारलं होतं, त्यांनी हातानं हवेत खाडी काढून दाखवली: हा खुंट, हा खड्डा, इथं शिरायचं नाही. काठी रोवली, सुतळी बांधली. पाऊण तासात सुतळी पाण्याखाली. हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं, गावच्या तलावाच्या पाळीवर सारा जन्म बसून.

एक गोष्ट कुणी सांगितली नव्हती. कयाकजवळून तिवराचं एक पिवळं पान आत, गावाकडं चाललं होतं. मी त्याच्याकडं बघून राहिलो. सव्वानऊच्या सुमारास ते हळू झालं, मग थांबलं, एका जागी गोल फिरलं. मिनिटभर काहीच नाही. मग तेच पान मुखाकडं निघालं. साळ्याला म्हटलं, गुंडाळ. नेमका तेव्हाच त्याला मासा लागला. तांबोशी असावी, खालच्या मुळांत शिरली आणि दोरा कालवांवर कट्कन तुटला. तो म्हणाला अजून एकदा टाकतो, मी नाही म्हटलं. परतीच्या वाटेपर्यंत बोलला नाही. पावणेदहाला काठावर, काठी पुन्हा उघडी पडायला लागली होती.

त्याआधी मिळाले ते दोन काळुंदर, हाताच्या पंज्याएवढे, आणि एक शिंगाळा. शिंगाळ्याचा दोरा कापला. खाडीकाठची ताई, तुमच्यामुळं तळहात शाबूत आहे.

तर्रीपोहे

अन् मासे नागपुरात आणले का नाही?

गळवाला_नागपूर

मार्गशीर्ष आहे ना बाप्पा. तिथंच खाऊन आलो. घरी काजू नेले.