तपासणी केंद्राच्या चार पायऱ्या आणि २०१६ चा कायदा

रामबागकर (प्रश्न)
नमस्कार. माझे वडील पक्षाघातानंतर व्हीलचेअर वापरतात. इंदूरमधल्या एका खासगी तपासणी केंद्रात त्यांना दर तीन महिन्यांनी न्यावे लागते. दाराशी चार पायऱ्या आहेत, रॅम्प नाही, त्यामुळे प्रत्येक वेळी दोन कर्मचारी त्यांना खुर्चीसकट उचलून वर नेतात. व्यवस्थापकांचे म्हणणे, ‘आम्ही उचलतो ना, मग अडचण काय?’ अडचण अशी की हे नको म्हणून बाबा आता तपासणीच लांबणीवर टाकू लागले आहेत. दिव्यांगांचा कायदा खासगी जागेला लागू होतो का? होत असेल, तर तक्रार कोणाकडे करावी?

जुनी_इंदूर_वकील
लागू होतो. दिव्यांगजन अधिकार अधिनियम, २०१६ मध्ये ‘सार्वजनिक इमारत’ याचा अर्थ जनतेचा वावर असलेली सरकारी किंवा खासगी इमारत असा दिला आहे आणि त्यात वैद्यकीय सेवेचा स्पष्ट उल्लेख आहे. कलम ४५ प्रमाणे जुन्या इमारती सुगम, म्हणजे दिव्यांगांना अडथळ्याविना वापरता येतील अशा, करण्यासाठी नियम अधिसूचित झाल्यापासून पाच वर्षे, तर कलम ४६ प्रमाणे सेवा देणाऱ्यांना, मग ते खासगी का असेनात, दोन वर्षे मिळाली होती. नियम जून २०१७ चे आहेत, म्हणजे दोन्ही मुदती केव्हाच उलटल्या. कलम ८९ खाली पहिल्या उल्लंघनाला दहा हजार रुपयांपर्यंत आणि पुढच्या प्रत्येक उल्लंघनाला पन्नास हजारांपासून पाच लाखांपर्यंत दंड आहे.

तरीही दंडाच्या मागे लागू नका, असे मी सुचवेन. राजीव रातुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी २०१७ च्या त्याच नियमांतला सुगम्यतेचा नियम १५(१) मूळ कायद्याशी विसंगत ठरवला, कारण तो बंधनकारक मानकांऐवजी शिफारशींवरच थांबत होता. केंद्र सरकारला तीन महिन्यांत सक्तीचे नियम करण्यास सांगितले आणि तोवर जुन्या मानकांचे काम थांबू नये, असेही बजावले. निकाल आपल्या बाजूचा आहे, पण समोरचा वकील त्याच्याच आधारे ‘मग दंड कोणत्या नियमाखाली?’ असे विचारू शकतो. त्यापेक्षा भोपाळला दिव्यांगजनांसाठीच्या राज्य आयुक्तांकडे लेखी अर्ज करावा. त्यांना साक्षीदार बोलावण्याचे व कागदपत्रे मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत.

ओटा_आणि_उतार
मी वास्तुविशारद आहे, म्हणून मापाचे बोलतो. उतार एकास बारा धरतात. पायरी १५ सेंटीमीटरची असेल, तर चार पायऱ्यांची उंची ६० सेंटीमीटर होते आणि रॅम्प ७.२ मीटर लांब लागतो, दारापुढची सपाट जागा वेगळीच. मालक घाबरतात ते इथे, कारण सरळ उतार काढला तर तो रस्त्यावर येतो आणि महापालिका अतिक्रमण म्हणून तोडते. मग कोणीतरी दोन मीटरची लोखंडी फळी टाकून मोकळा होतो. तिच्यावरून खुर्ची ढकलणे उचलण्यापेक्षाही धोक्याचे. बाजूला मोकळी पट्टी असेल तर मध्ये सपाट टप्पा घेऊन उतार वळवता येतो, नसेल तर उभी उचलणारी छोटी लिफ्ट बसवावी.

नकाशावाली
अर्जाआधी माहितीच्या अधिकारात महापालिकेच्या भवन अनुज्ञा शाखेकडून त्या इमारतीचा मंजूर नकाशा मागवा. कलम ४४ प्रमाणे सुगम्यतेचे नियम न पाळणाऱ्या बांधकामाला परवानगी वा पूर्णत्वाचा दाखला देता येत नाही. आमच्या वसाहतीजवळच्या एका व्यापारी संकुलाच्या नकाशात रॅम्प होता आणि प्रत्यक्षात त्या जागी जनरेटर! नकाशाची प्रत पुढे केल्यावर वादच उरला नाही.

रामबागकर
सर्वांचे आभार. आज पायऱ्या मोजल्या, प्रत्येकी १७ सेंटीमीटर निघाली, म्हणजे रॅम्प आठ मीटरच्या थोडा वर जातो. उजवीकडे कर्मचाऱ्यांच्या दुचाक्या लावतात ती पट्टी साधारण पाच मीटर आहे, तिथे वळवलेला उतार बसेल असे वाटते. सोमवारी नकाशासाठी अर्ज टाकतो आणि तोवर व्यवस्थापकांना या मापांसह पत्र देऊन पोच घेतो.

जुनी_इंदूर_वकील
पोच घ्याच. पत्रात ‘उचलून नेतो’ हे त्यांचे उत्तर तारखेसह नोंदवा, आयुक्तांपुढे तेच कामी येईल.