शब्दचर्चा : कमावणे, प्रक्रिया आणि विल्हेवाट

प्रश्न : वस्तुरचनेच्या विद्यार्थ्यांसाठी मी एक टिपण लिहीत आहे. पदार्थ कुठून आणायचा, त्याला घडवायचे कसे आणि काम सरल्यावर त्याचे काय करायचे, असा विषय आहे. मधल्या टप्प्याला प्रत्येक ठिकाणी ‘प्रक्रिया करणे’ असेच लिहावे लागते. याहून नेमके क्रियापद आहे काय?

प्रतिसाद : आहे, आणि आम्हां कोल्हापूरकरांच्या ते रोज कानांवर पडते : कमावणे. बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कातडे कित्येक दिवस मुरते, त्यांतले टॅनिन हे तुरट द्रव्य कातड्यातल्या कोलॅजेन या तंतुमय प्रथिनाला घट्ट धरते, आणि एरवी कुजून गेले असते ते टिकाऊ होते. तेथे नावसुद्धा पालटते. कमावण्यापूर्वीचे ते कातडे, कमावल्यावरचे ते चामडे. ‘प्रक्रिया’ या शब्दात हा पालट दिसत नाही, कारण सांडपाण्यावरही प्रक्रियाच होते. तालमीतला पैलवान शरीर कमावतो, शेतकरी जमीन कमावतो. तिन्ही ठिकाणी वेळ आणि अंगमेहनत गृहीत आहे. पैसा मिळवण्यालाही मराठीने हेच क्रियापद वापरावे, हे मला फार मोलाचे वाटते.

दुसरा प्रतिसाद : सहमत आहे, परंतु एक मर्यादा नोंदवावी. क्रोमियमच्या क्षारांनी थोड्या अवधीत तयार झालेल्या चामड्यालाही बाजारात कमावलेलेच म्हणतात. म्हणून टिपणात ‘सालीने कमावलेले’ किंवा ‘क्रोमने कमावलेले’ असे साधन सांगूनच लिहावे, कारण शेवटच्या टप्प्याचा निकाल तिथेच लागतो.

त्या टप्प्यासाठी आपण ‘विल्हेवाट’ लिहिणार असाल, तर तिचा जुना अर्थ ध्यानात ठेवावा. विल्हे लावणे म्हणजे ज्याची त्याची नीट व्यवस्था लावणे. टाकून देणे हा अर्थ पुढे रूढ झाला. कोल्हापुरातल्या सुभाषनगरात एका कारागिराला मी चप्पल शिवताना पाहिले. तळ कापून उरलेले तुकडे त्याने बाजूला रचले, त्यांतले जाड तुकडे टाचेच्या थरांत बसवले, लांबट तुकड्यांच्या वाद्या काढल्या आणि त्याच वाद्यांनी तळ शिवला. ही जुन्या अर्थाची विल्हेवाट झाली. क्रोमने कमावलेल्या चामड्याचा कीस खड्ड्यात पुरणे, याला मी ‘टाकणे’च म्हणेन.