मदत हवी आहे: 'कुड हॅव' म्हणजे 'केलं असेल' की 'करता आलं असतं'?

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय. विभाग चुकला असेल तर संपादकांनी हलवावा.

मी चाकणला एका कारखान्यात क्वालिटीला आहे. गेल्या आठवड्यात परदेशी ग्राहकाची तक्रार आली की एका लॉटमधल्या ब्रॅकेटचे बोल्ट ढिले निघाले. त्या दिवशी लाइनवरची टॉर्क गन (बोल्ट ठरावीक जोराने आवळणारं यंत्र) मध्येच बंद पडली होती. आमचा अंदाज असा की सेकंड शिफ्टच्या ऑपरेटरने थांबायच्या ऐवजी बोल्ट साध्या पान्याने, हातानेच आवळले असावेत. एट-डी रिपोर्टमध्ये (तक्रारीचं कारण आणि उपाय ग्राहकाला कळवायचा ठरावीक अहवाल) कारणाच्या रकान्यात मी लिहिलं:

'द टॉर्क गन वॉज डाउन. द ऑपरेटर कुड हॅव टाइटन्ड द बोल्ट्स बाय हँड.'

समोरून एका ओळीचं उत्तर आलं: 'देन व्हाय डिडन्ट ही?'

आता बोला! तो म्हणतोय, मग त्याने हाताने का नाही आवळले? आणि मी सांगतोय की हाताने आवळले म्हणूनच घोळ झाला. शेवटी साहेबांनी फोनवर निस्तरलं, पण मला काय ऐकून घ्यावं लागलं ते इथे लिहीत नाही.

शाळेत आम्हाला 'कॅन'चा भूतकाळ 'कुड' एवढंच शिकवलं. 'कुड हॅव' म्हणजे 'करू शकला असता', हेही गाइडमध्ये होतं. पण 'हू कुड हॅव डन इट?' असं सगळेच म्हणतात आणि त्याचा अर्थ 'कोणी केलं असेल?' असाच होतो ना? मग माझं चुकलं कुठे? जाणकारांनी प्रकाश टाकावा. आगाऊ धन्यवाद.

शिकवणीवाल्या बाई

चुकलं म्हणण्यापेक्षा तुम्ही मराठीच्या भरवशावर राहिलात. आपल्याकडे शेवटचा शब्द सगळा उलगडा करतो. 'आवळले असतील' म्हटलं की गोष्ट अजून उघडी आहे, खरं काय ते माहीत नाही. 'आवळले असते' म्हटलं की विषय मिटला, आवळले नाहीत. इंग्रजीत शेवटी दोन्हीकडे 'हॅव टाइटन्ड'च. फरक दाखवायचं काम एकट्या 'कुड'वर पडतं आणि तो दोन्ही डगरींवर पाय ठेवून उभा असतो. मग वाचणारा आजूबाजूचं बघून ठरवतो.

तुमच्या वाक्याच्या आजूबाजूला काय होतं? कर्ता माणूस, काम त्याच्या हातातलं, आणि अगदी आधी 'गन बंद होती'. असं असलं की वाचणाऱ्याचं मन 'संधी होती, त्याने सोडली' याच अर्थाकडे झुकतं. तेच 'द व्हायब्रेशन कुड हॅव लूझन्ड द बोल्ट्स' लिहिलं असतंत तर कोणी विचारलं नसतं. कंपन काही संधी सोडत नाही! प्रश्नातही तसंच. 'हू कुड हॅव डन इट?' मध्ये केलंय हे ठरलेलंच आहे, फक्त कोणी ते शोधायचंय.

तुमच्या कामाला 'मे हॅव' किंवा 'माइट हॅव' घ्या: 'द ऑपरेटर मे हॅव टाइटन्ड द बोल्ट्स बाय हँड.' बोल्टच्या डोक्यावर पान्याचे ओरखडे वगैरे पुरावा असेल तर 'मस्ट हॅव', म्हणजे 'हातानेच आवळले असणार'. आपल्या 'असावेत'चं वजन या दोघांच्या मधलं. त्यासाठी 'मे', 'मस्ट' अशा मोडलच्या, म्हणजे साहाय्यक क्रियापदांच्या, मागे न लागता सरळ 'प्रॉबब्ली टाइटन्ड' लिहून मोकळं व्हावं.

आणि नकारात जास्त सांभाळा. 'ही माइट नॉट हॅव यूज्ड द गन' म्हणजे कदाचित वापरली नसेल. 'ही कुडन्ट हॅव यूज्ड द गन' म्हणजे वापरली असणं शक्यच नाही. इथे अदलाबदल झाली तर पुढचा फोन साहेबांनासुद्धा निस्तरता यायचा नाही.

लीड्सचा वाटसरू

बाईंशी सहमत. 'मे हॅव'बद्दल माझी फजिती सांगतो. इथे शेजारचे आजोबा शिडीवरून पडले, खाली झुडूप होतं म्हणून खरचटण्यावर निभावलं. ऑफिसात मी म्हणालो, 'ही मे हॅव डाइड.' तिथली एक सहकारी घाबरून विचारते, अजून काहीच कळलं नाही का? मला म्हणायचं होतं 'मेलेच असते', मी सांगितलं 'मेले असतील'. तिथे 'माइट हॅव' किंवा 'कुड हॅव' हवं होतं. इथल्या वर्तमानपत्रांतही हा फरक कित्येकदा पुसलेला दिसतो, पण रिपोर्ट लिहिणाऱ्याने पाळलेला बरा.

इथली शाळकरी पोरं 'कुड हॅव'च्या जागी चक्क 'कुड ऑफ' लिहितात, कारण भरभर बोलताना ऐकू तसंच येतं. तेव्हा न्यूनगंड नको.

फुकटचा सल्लागार

अवांतर: 'कुड'मधला 'एल' हा घुसखोर आहे. 'शुड' आणि 'वुड'मधला 'एल' 'शॅल' आणि 'विल'कडून वारशाने आलाय. 'कॅन'मध्ये 'एल' होताच कुठे? शेजाऱ्यांचं बघून पुढे लिहिण्यात चिकटवला गेला. चालू द्या.

शिकवणीवाल्या बाई

या सल्लागारांचं अवांतर नेहमी खरं असतं, हाच वैताग आहे.

धागाकर्ते, आणखी एक. 'काल मला ७:४२ ची लोकल मिळाली' याला आपली मुलं हमखास 'आय कुड कॅच द ट्रेन' लिहितात. एकदाच घडलेल्या, साधलेल्या गोष्टीला 'मॅनेज्ड टु' किंवा 'वॉज एबल टु' लावा. चुकली असेल तर 'कुडन्ट कॅच' चालतं. आणि 'कुड हॅव कॉट' म्हटलंत तर मिळाली असती, पण तुम्ही फलाटावर वडापाव घेत बसलात.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. बाई, 'असतील' आणि 'असते' वाचून डोक्यात लख्ख उजेड पडला. कारणाच्या रकान्यात 'मे हॅव' घालून रिपोर्ट पुन्हा पाठवला, या वेळी प्रश्न आला नाही. लोकलचं मात्र आम्हाला लागू नाही, आमच्याकडे कंपनीची बस.

फक्त आज त्यांची मेल आली, त्यात गन बंद पडल्याबद्दल एक ओळ आहे: 'यू माइट हॅव टोल्ड अस अर्लियर.' म्हणजे 'तुम्ही कदाचित आधी सांगितलंही असेल', बरोबर? एकूण माणूस समजूतदार दिसतो.

शिकवणीवाल्या बाई

अहो नाही! तो टोमणा आहे. 'आधी सांगायचं तरी होतं!' माणसाला उद्देशून रागाने म्हटलेलं 'यू माइट हॅव' किंवा 'यू कुड हॅव' म्हणजे आपलं 'एक फोन तरी करायचास' असतं. तिथे शक्यता वगैरे काही नाही, माफी मागायची असते. उत्तर जपून द्या.

धागाकर्ता

उत्तर सकाळीच गेलंय. 'नो, वी डिड नॉट' असं लिहिलंय. सीसीत साहेब आहेत.