मदत हवी आहे: पर्थ ते लंडन विमान नक्की किती तास उडतं?

घोळातघोळ: डोकं फिरायची वेळ आलीय. तिकिटावर पर्थहून संध्याकाळी ६:४५ ला निघून लंडनला पहाटे ५:०५. म्हणजे १० तास २० मिनिटं. येताना लंडनहून दुपारी १:१५, पर्थला दुसऱ्या दिवशी दुपारी १. पावणेचोवीस तास! अंतर तेच ना? त्यातही एका साइटवर ९००९, दुसरीवर ७८२९. नक्की किती तास ते सांगा, जरा घाई आहे.

गोगलगाय: तारीख? मध्ये थांबा आहे का?

घोळातघोळ: थेट आहे. तारखेचा काय संबंध?

खिडकीवाला: एक सांगतो, खिडकी घेऊ नका. शेजाऱ्याला उठवून उठवून आपणच ओशाळतो.

आकडेमोड्या: ९००९ साधे मैल, ७८२९ सागरी मैल. दोन्ही म्हणजे एकच अंतर, १४,४९९ किमी. ताशी ९०० ने भागा, १६ तास. संपला विषय.

गोगलगाय: कसला संपतोय? चढता-उतरताना वेग ९०० नसतो. शिवाय तिकिटावरची वेळ एका गेटपासून दुसऱ्या गेटपर्यंतची, धावपट्टीपर्यंतचं रांगणंही त्यातच.

ढगातली: पण पृथ्वी पूर्वेकडे फिरते ना? मग पश्चिमेला जाताना कमी वेळ लागायला हवा, लंडनच पुढ्यात येतं :)

आकडेमोड्या: तसं असतं तर हेलिकॉप्टर नुसतं हवेत उभं केलं की गाव बदललं असतं! हवाही पृथ्वीबरोबरच फिरते. फरक पडतो जेट स्ट्रीममुळे, म्हणजे उंचावरच्या जोरदार वाऱ्याच्या पट्ट्यामुळे, ती पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते. लंडनहून येताना वारा पाठीशी, जाताना तोंडावर.

अर्धाचहा: एवढं कशाला? दोन्ही वेळा मिळवा, ३४ तास ५ मिनिटं. निम्मे करा, १७ तास आणि वर थोडं. घड्याळांचा फरक एकीकडे वजा, दुसरीकडे अधिक, आपोआप उडतो.

आकडेमोड्या: ती सरासरी झाली. जाताना किती? फरक ८ तासांचा, म्हणजे १८ तास २० मिनिटं.

गोगलगाय: आत्ता १६ म्हणत होतात! ८ तास हिवाळ्यात. लंडनची घड्याळं मार्चअखेर ते ऑक्टोबरअखेर तासभर पुढे असतात, पर्थची हलत नाहीत. म्हणून तर तारीख विचारली.

घोळातघोळ: जाणं ४ सप्टेंबर, येणं २६ ला. बाबांची गोळी असते दर ८ तासांनी, म्हणून विचारत होतो. हे आधी लिहायला हवं होतं बहुतेक.

गोगलगाय: बहुतेक?! मग फरक ७. जाताना १७ तास २० मिनिटं, येताना १६ तास ४५. एक घड्याळ पर्थच्याच वेळेवर राहू द्या. संध्याकाळी ६ ला गोळी घेतली तर विमानात रात्री २ ला एक, सकाळी १० ला एक. उतराल तेव्हा त्या घड्याळात दुपारचे १२:०५ असतील. लंडनच्या वेळेवर कसं यायचं ते डॉक्टरांनाच विचारा. गोळ्या जवळच्या बॅगेत ठेवा, सामानात नको.

अर्धाचहा: सिंगापूरला थांबा घेतला असता तर बाबांचे पाय मोकळे झाले असते.

घोळातघोळ: तिकीट काढलंय हो. गोगलगाय, खूप आभार, चारच गोळ्या बाहेर काढून ठेवतो.

गोगलगाय: पूर्ण पाकीट ठेवा. विमानं उशिराही सुटतात.

खिडकीवाला: आणि बाबांना कडेची सीट!